हायड्रोजनचे सात आकडे आणि मधला बांध

क्वांटम कॉम्प्युटरवर केमिस्ट्री म्हटलं की सगळ्यांचं लक्ष आधी मशीनकडे जातं, किती क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट) झाले, किती थंड ठेवावं लागतं, नॅशनल क्वांटम मिशनला २०२३ मध्ये ६,००३ कोटी मंजूर झाले वगैरे. ते महत्त्वाचं आहेच. पण मी इथे रत्नागिरीत एमएस्सीच्या मुलांना फिजिकल केमिस्ट्री शिकवतो, आणि माझं आता ठाम मत झालंय की खरी कसोटी मशीनच्या खूप आधी लागते, केमिस्ट्रीचा प्रोग्राम आपले आकडे क्वांटमच्या प्रोग्रामकडे सोपवतो तिथे. दोन शेतांमधल्या बांधासारखी जागा आहे ती. केमिस्ट म्हणतो पुढचं क्वांटमवाले बघतील, क्वांटमवाला म्हणतो आकडे केमिस्टने दिलेत म्हणजे बरोबरच असणार, आणि बांध कोणीच बघत नाही.

काम कसं चालतं ते आधी सांगतो. पायएससीएफ किंवा साय-फोर यांच्यापैकी केमिस्ट्रीचा एक प्रोग्राम घ्यायचा, दोन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. अणू कुठे बसलेत ते सांगायचं, बेसिस सेट (ऑर्बिटल्स ज्यांतून बांधायची ती तयार फंक्शन्स) सांगायचा, मग तो हार्ट्री-फॉक (प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकीच्यांचं सरासरी ढकलणं धरून केलेला पहिला अंदाज) करून ऑर्बिटल्स (इलेक्ट्रॉन बसायच्या जागा) काढतो आणि इंटिग्रल्स देतो, म्हणजे एकेकट्या इलेक्ट्रॉनचे आकडे वेगळे आणि दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात त्याचे वेगळे. हे आकडे घेऊन ओपनफर्मियॉन, किसकिट नेचर, पेनिलेन या क्वांटमच्या प्रोग्रामांपैकी कोणाकडे तरी जायचं. तिथे जॉर्डन-विग्नर मॅपिंगने (१९२८ सालचं आहे हे!) प्रत्येक स्पिन-ऑर्बिटलला (ऑर्बिटल आणि त्यातला स्पिन, अल्फा किंवा बीटा) एक क्युबिट मिळतो. दोन इलेक्ट्रॉनची अदलाबदल केली की वेव्हफंक्शनचं चिन्ह उलटतं, क्युबिटना हे आपोआप जमत नाही, म्हणून त्या चिन्हांचा हिशोब मॅपिंगला ठेवावा लागतो. शेवटी हातात येते पाउली टर्म्सची यादी, म्हणजे क्युबिटवरच्या साध्या क्रिया आणि प्रत्येकीपुढे एक आकडा. हायड्रोजनच्या रेणूला एसटीओ-३जी या अगदी छोट्या बेसिसमध्ये चार क्युबिट आणि १५ टर्म्स, बस.

मी मुलांना पहिल्याच दिवशी तयार प्लगइन वापरू देत नाही. एफसीआयडम्प फाइल काढायला लावतो. नोल्स आणि हँडी यांनी १९८९ मध्ये आणलेला साधा टेक्स्ट फॉरमॅट आहे हा, आणि अजूनही निम्मी दुनिया त्याच्यावर चालते. वर किती ऑर्बिटल, किती इलेक्ट्रॉन ते असतं, आणि मग एका ओळीत एक आकडा आणि त्याच्यापुढे चार इंडेक्स, म्हणजे ऑर्बिटलचे नंबर. दोन अणू ०.७४१४ अँगस्ट्रॉमवर ठेवले तर हायड्रोजनच्या फाइलमध्ये शून्य नसलेले मोजून सात आकडे मिळतात. ११११ ला ०.६७४५, २२११ ला ०.६६३५, २१२१ ला ०.१८१३, २२२२ ला ०.६९७४. मग एका इलेक्ट्रॉनचे दोन, −१.२५२५ आणि −०.४७५९, त्यांच्यापुढचे शेवटचे दोन इंडेक्स शून्य. आणि सगळ्यात खाली चारही इंडेक्स शून्य असलेला ०.७१३८, ते दोन न्यूक्लियसमधलं रिपल्शन. आख्खा रेणू सात ओळींत! प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या अर्ध्या पानात मावतो आणि कॅल्क्युलेटरवर सुटतो, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना लाइट गेली तरी काम अडत नाही.

आता गंमत बघा. केमिस्ट लोक इंडेक्स लिहिताना पहिले दोन एका इलेक्ट्रॉनचे आणि पुढचे दोन दुसऱ्याचे धरतात. फिजिक्सवाले पहिला आणि तिसरा एका इलेक्ट्रॉनचे, दुसरा आणि चौथा दुसऱ्याचे. म्हणजे तेच चार अंक, ११२२, केमिस्टकडे कूलंब इंटिग्रल (दोन इलेक्ट्रॉनच्या ढगांचं साधं ढकलणं) ०.६६३५ असतात आणि फिजिक्सवाल्याकडे एक्सचेंज इंटिग्रल (इलेक्ट्रॉनच्या अदलाबदलीतून येणारं) ०.१८१३. एफसीआयडम्प केमिस्टांच्या पद्धतीने लिहिलेली असते, आणि क्वांटमवाल्या प्रोग्राममध्ये बरेचदा दुसरी पद्धत अपेक्षित असते. अरेचा (आकड्यांच्या तक्त्याचा) आकार तोच, टाइप तोच, त्यामुळे इंडेक्सची अदलाबदल करायची राहिली तर पायथॉन एक शब्द बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीला, गुहागरची आहे ती, नेमकं हेच भेटलं. तिने आधी हार्ट्री-फॉकची ऊर्जा तपासली, −१.११६७ हार्ट्री (हे ऊर्जेचं एकक), दोन्हीकडे चौथ्या दशांशापर्यंत सेम, म्हणून ती खूश होऊन पुढे गेली. आणि खरी लोएस्ट एनर्जी काढली तर आली −१.३६. "सर, पायएससीएफचं फुल सीआय −१.१३७३ देतंय, माझं त्याच्या पण खाली कसं गेलं?" फुल सीआय म्हणजे त्या बेसिसमधलं अचूक उत्तर, त्याच्या खाली जाताच येत नाही. मी म्हटलं, जर्नल घे आणि हाताने कर. दोन बाय दोनची मॅट्रिक्स आहे, दोन्ही इलेक्ट्रॉन खालच्या ऑर्बिटलमध्ये ही एक अवस्था, दोन्ही वरच्यात ही दुसरी, आणि त्या दोघींना जोडणारा आकडा म्हणजे एक्सचेंज, ०.१८१३. तिने मांडलं, सोडवलं, रिपल्शन मिळवलं, −१.१३७३ बरोबर आलं. मग स्वतःच म्हणाली, सर त्या जागी ०.६६३५ घालून बघू का? घातलं आणि −१.३६ आलं! मग मीच विचारलं, हार्ट्री-फॉक कसं काय जुळलं होतं गं? दोन मिनिटं फाइलकडे बघत बसली आणि म्हणाली, त्याच्यात फक्त ११११ लागतो, तो उलटा वाचला काय आणि सुलटा वाचला काय, सारखाच. मला त्या दिवशी फार म्हणजे फार आनंद झाला. म्हणून सांगतो, हार्ट्री-फॉक जुळलं म्हणजे बांध नीट झाला असं कधीही समजू नका, फुल सीआय पण जुळवून बघा.

दुसरी जागा स्पिनच्या क्रमाची. ओपनफर्मियॉन अल्फा-बीटा अल्फा-बीटा असं आलटून पालटून लावतं, किसकिट नेचर आधी सगळे अल्फा, मग सगळे बीटा. पहिल्या पद्धतीत पहिले दोन क्युबिट भरले की हायड्रोजनची ग्राउंड स्टेट मिळते, तेच दुसऱ्या पद्धतीत केलं तर दोन्ही इलेक्ट्रॉन अल्फा होतात, म्हणजे ट्रिप्लेट, आणि ऊर्जा थेट −०.५३ वर. इथेही एरर येत नाही. त्यात किसकिट बिटस्ट्रिंग छापताना शून्य नंबरचा क्युबिट उजव्या टोकाला लिहितं, त्यामुळे नुसतं डोळ्यांनी बघून ठरवायला जाऊच नये. आणि उत्तर −१.८५१ आलं तर घाबरू नका, ०.७१३८ मिळवायचं राहिलंय इतकंच.

एवढ्या बारीक गोष्टींसाठी जीव का काढायचा असं वाटेल. आपल्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात उरलेल्या ओलीवर कुळीथ होतो, वाल होतो. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जे बॅक्टेरिया असतात ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, साध्या मातीच्या तापमानाला, नायट्रोजनेज नावाच्या एन्झाइमने. आणि तिकडे अलिबागजवळ थळला आरसीएफच्या कारखान्यात अमोनिया होतो तो हेबर-बॉश पद्धतीने, चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब देऊन. त्या एन्झाइमच्या पोटात सात लोखंड, एक मॉलिब्डेनम, नऊ गंधक आणि मधोमध एक कार्बन असा गुच्छ असतो, फेमोको म्हणतात त्याला, आणि त्याचे इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके अडकलेले असतात की नेहमीच्या पद्धती हात टेकतात. २०१७ च्या एका गाजलेल्या पेपरात त्याच्यासाठी ५४ ऑर्बिटलमध्ये ५४ इलेक्ट्रॉन धरले होते, म्हणजे १०८ स्पिन-ऑर्बिटल. दोन इलेक्ट्रॉनचे इंटिग्रल ८५ लाख, सिमेट्री वापरली तरी ११ लाख. तिथे कोण जर्नलमध्ये हाताने तपासणार? केमिस्ट्रीत आपल्याला अचूकता हवी असते मोलमागे एक किलोकॅलरीची, म्हणजे ०.००१६ हार्ट्री, आणि इंडेक्सची गडबड त्याच्या शंभर पटींनी जास्त चुकवते हे वर हायड्रोजनमध्ये दिसलंच. पूर्ण विश्वास हायड्रोजनवरच कमवावा लागतो.

आणि हे काम कोणी करायचं तर मला वाटतं आपल्या मुलांनी. आमच्याकडची बरीच मुलं एमएस्सी झाली की लोट्याला केमिकल कारखान्यांत क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलला) लागतात, चांगली नोकरी आहे, त्यात काही कमी नाही. पण कूलंब आणि एक्सचेंज त्यांनी परीक्षेसाठी घोटलेलं असतं, टर्म सिंबल घोटलेले असतात, ट्रिप्लेट म्हणजे काय ते माहीत असतं, आणि क्वांटमच्या प्रोग्रामिंगकडे थेट कॉम्प्युटरमधून आलेल्या मुलांना बरेचदा नेमकं हेच माहीत नसतं. सगळी सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहेत, हायड्रोजन सेकंदात होतो, क्वांटम मशीन लागतच नाही.

आता लिथियम हायड्राइड घेतलंय. त्याच बेसिसमध्ये सहा ऑर्बिटल, बारा क्युबिट. लिथियमचे आतले दोन इलेक्ट्रॉन फ्रीझ केले, म्हणजे जागेवर पक्के धरून हिशोबातून बाजूला ठेवले, की पाच ऑर्बिटल, दहा क्युबिट. पण मग फाइलमधली ती चार शून्यांची शेवटची ओळ नुसती न्यूक्लियसची राहत नाही, फ्रीझ केलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जाही तिच्यात जाऊन बसते, आणि एका इलेक्ट्रॉनचे आकडेही बदलतात कारण बाहेरच्यांना आतल्या दोघांचं ढकलणं सोसावं लागतंच. हे दोन्ही बदल आधी हाताने काढायचे आणि मग फाइलशी ताडून बघायचे, असं पोरांना सांगितलंय.