दूध बंद केलं, पण बदल्यात काय दिलं?

12 जून, रात्र

मृगाच्या पावसानंतर पेरणीची घाई सुरू होते आणि दीड वर्षाचं लेकरू दिवसभर आजीजवळ राहतं. ‘याला दूध सोसत नाही’ हे वाक्य मग आजीकडूनच ऐकायला मिळतं. सोसत नाही म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारल्याशिवाय पुढचा एकही सल्ला देऊ नये. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, तर ॲलर्जीचा संशय धरायचा. शीमध्ये रक्ताचे धागे आणि काही केल्या न हटणारा इसब, ही तिची उशिरा दिसणारी तऱ्हा. पण हगवण होऊन गेल्यावर दुधाने नुसतं पोट फुगत असेल, पातळ आंबूस शी होत असेल आणि अंगावर काहीच उठत नसेल, तर दुधातली साखर पचत नसते. तो त्रास बहुतेक वेळा काही आठवड्यांत जातो आणि तेव्हा दही चालूनही जातं. ॲलर्जीत मात्र दही, ताक दोन्ही बंद, कारण दूध विरजलं तरी त्यातली प्रथिनं राहतातच.

बकरीच्या दुधाचा सल्ला हमखास मिळतो. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक लेकरांना बकरीचं आणि म्हशीचं दूधही बाधतं, इतकी त्यांची प्रथिनं सारखी असतात. आईचं दूध मात्र तोडायचं नाही. अंगावर पिऊनही लेकराला त्रास होत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने स्वतः 2 ते 4 आठवडे दुधाचे पदार्थ सोडून बघायचे आणि तेवढे दिवस कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या. वर्षाच्या आतलं लेकरू आईचं दूध पीत नसेल, तर त्याला ॲलर्जीसाठीची खास पावडर लागते, ती डॉक्टरच ठरवतील. तांदळाची पातळ पेज किंवा घरचं सोयाबीनचं दूध तिची जागा घेत नाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भीतीपोटी पाच-पाच पदार्थ एकदम बंद होतात तेव्हा. दूध गेलं, मागोमाग अंडी, फल्लीदाणे (शेंगदाणे), गहू, ‘वातूळ’ म्हणून डाळही. मग वाटीत भात आणि वरणाचं वरचं पाणी उरतं. एका वेळी संशय असलेला एकच पदार्थ थांबवावा, 2 ते 4 आठवडे बघावं आणि डॉक्टरांच्या देखरेखीत तो पुन्हा देऊन खात्री करावी. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, एवढ्यावरून ॲलर्जी ठरत नाही.

आता हिशेब. दिवसाला 300 मिली म्हशीचं दूध बंद केलं, तर सुमारे 300 कॅलरी आणि 11 ते 12 ग्रॅम प्रथिनं वाटीतून गेली. 1 ते 3 वर्षांच्या लेकराला दिवसाला लागतात साधारण 1000 कॅलरी आणि 12-13 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ही घट लहान नाही. ती भरायला 30 ग्रॅम कोरडी तूरडाळ घट्ट शिजवून, एक अंडं आणि दिवसभरात मिळून तीन छोटे चमचे तेल. तेल भातात, खिचडीत किंवा कुस्करलेल्या भाकरीत मिसळायचं. वरण चमच्यावरून ओघळून गेलं, तर लेकराचं पोट पाण्यानेच भरतं. अंडं चालत नसेल किंवा घरात खात नसतील, तर डाळ 50 ग्रॅमपर्यंत न्यावी, एका वेळी नाही, तीन-चार वेळांत वाटून.

कॅल्शियमचं गणित अवघड. रोज 500 मिलीग्रॅम लागतं. 30 ग्रॅम नाचणीच्या पिठातून 100 च्या आसपास मिळतं, 10 ग्रॅम वाटलेल्या तिळातून सव्वाशेच्या पुढे, थोडं शेवग्याच्या पाल्यातून. पण तीळ आणि पाल्यातलं सगळं अंगी लागत नाही आणि तिळाचीही ॲलर्जी असू शकते. म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावंच. नवा पदार्थ सकाळी द्यावा, आधी बोटावर, मग पाव चमचा, आणि तीन दिवस दुसरं काही नवं नको.

लपलेलं दूध बिस्किटात, टोस्टात, प्रसादाच्या पेढ्यात असतं. फल्लीदाण्याची ॲलर्जी असेल, तर भाजीतला कूट आणि घाण्याचं फल्ली तेल दोन्ही टाळायचं. घाण्याच्या तेलात प्रथिनं उरतात. आपल्याकडे त्या तेलाचा डबा घरोघरी, म्हणून हे आजीला वेगळं सांगायला लागतं. अतिकुपोषित लेकरांना मिळणाऱ्या उपचाराच्या पाकिटात सहसा शेंगदाणा आणि दूध पावडर दोन्ही असतात, आणि पोषण पुनर्वसन केंद्रातलं उपचाराचं दूधही दुधाचंच. तेव्हा ॲलर्जीची नोंद आधी अंगणवाडी सेविकेच्या वहीत हवी.

वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत. दुसऱ्या वर्षात वर्षभरात दोन ते अडीच किलो वाढ अपेक्षित असते. लागोपाठ दोन महिने काटा हलला नाही, तर तिसऱ्याची वाट बघायची नाही. लांबी दर तीन महिन्यांनी, दोन वर्षांच्या आत झोपवून. दूध बंद असलेल्या लेकरांची उंची मागे पडू शकते आणि ते नुसत्या वजनावरून कळत नाही. सहा महिन्यांपुढे दंडघेर 12.5 सेंटीमीटरच्या खाली आला तर धोका, 11.5 च्या खाली आला तर त्याच दिवशी दवाखाना.

अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून गोवर-रुबेलाची लस चुकवू नये, ती सुरक्षित असते.

खाल्ल्यावर श्वास घरघरला, आवाज बसला, लेकरू गळून पडलं, तर पहिलं औषध ॲड्रेनालिनचं, मांडीतलं इंजेक्शन. ॲलर्जीचं सिरप पाजून वाट बघू नये. 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या दवाखान्यात न्यावं. वाटेत उभं करू नये. आडवं ठेवून पाय थोडे वर, उलटी होत असेल तर कुशीवर, श्वास लागत असेल तर बसतं धरावं. असा झटका एकदा येऊन गेलेल्या लेकराला तो पदार्थ घरी पुन्हा कधीच चाखवून बघायचा नाही.

दुधाची आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक लेकरांची वाढत्या वयात जाते. म्हणून दर 6 ते 12 महिन्यांनी डॉक्टरांकडे फेरतपासणी. ती तारीख आजच लेकराच्या कार्डावर लिहायची, पेरणी, निंदण, कापूस वेचणी यांतले दिवस टाळून.