गाडी खाली, गाव वर: आई-बाबांबरोबर टस्कनीतले सहा दिवस

इटलीत टस्कनीच्या डोंगरमाथ्यांवरची गावं गाडीने निवांत फिरायची हे बरीच वर्षं डोक्यात होतं, पण आईचे गुडघे आणि बाबांचा ‘परक्या देशात तू गाडी चालवणार?’ हा प्रश्न, या दोन्हीपायी राहून जात होतं. या मे महिन्यात एकदाचं झालं. आम्ही तिघं, एक भाड्याची गाडी, सहा दिवस. जाताना मला जे माहीत असायला हवं होतं असं आता वाटतं ते लिहून ठेवतेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी कागदपत्रं. आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आपल्याच आरटीओतून मिळतं, फी १००० रुपये आणि वर्षभर चालतं. दुसरं म्हणजे क्रेडिट कार्ड. गाडीच्या डिपॉझिटची रक्कम त्यावर ब्लॉक करतात आणि साधारणपणे कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं मागतात, त्यामुळे बाबांचं कार्ड घेऊन गेले असते तर काउंटरवरच अडकले असते. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, तिकडे मॅन्युअल गाड्याच जास्त. काउंटरवरचा मुलगा ‘बॅगा तीन आहेत, मोठी गाडी घ्या’ म्हणून मागे लागला होता, मी नाही म्हटलं आणि पुढचे सहा दिवस रोज त्या नाहीचा मला आनंद झाला, कारण त्या गावांकडे जाणारे रस्ते आणि पार्किंगच्या जागा बघितल्यावर कळतं की गाडी जितकी लहान तितका जीव शांत.

उजव्या बाजूने चालवण्याचं म्हणाल तर फ्लॉरेन्स विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी वीसेक मिनिटं नुसत्या चकरा मारल्या, मग बाहेर पडले. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, खरी परीक्षा वळताना आणि राउंडअबाउटला, तिथे आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे आपण डावीकडे बघायचं. आई मागून प्रत्येक वळणाला ‘उजवीकडे गं, उजवीकडे’ म्हणत होती आणि खरं सांगते, पहिले दोन दिवस मला त्या आवाजाचा आधार होता. गावाबाहेर दिवसासुद्धा हेडलाइट लावायचे असतात. वेगाची मर्यादा साध्या रस्त्याला ९०, वस्तीत ५०, पण त्या घाटवळणांवर मी ६०च्या वर फारशी गेलेच नाही. मागे कुणी घाईचा आला की जागा बघून बाजूला थांबायचं आणि त्याला जाऊ द्यायचं.

फ्लॉरेन्सहून सिएनाकडे जाणाऱ्या चौपदरी रस्त्याला टोल नाही. त्याच वाटेवर मोंतेरिज्जोनी लागतं. टेकडीवर गोल तटबंदी, तिच्यावर १४ बुरूज आणि आत एक चौक आणि थोडीशी घरं, संपलं गाव. सिएनाने १२१३ ते १२१९ मध्ये फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला हे बांधलं. बाबा तटाकडे बघून म्हणाले, ‘आपल्याकडे गड वर आणि गाव पायथ्याला, इथे गावच गडावर चढून बसलंय.’ नंतर दिवसभर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. शत्रूची भीती हे एक कारण झालंच, पण खाली दऱ्याखोऱ्यांत दलदल होती आणि मलेरिया होता, मोंतेपुल्चानो या दुसऱ्या डोंगरगावाच्या पायथ्याची ती सपाट हिरवी कियाना खोऱ्याची जमीन आज इतकी सुंदर दिसते पण कित्येक शतकं ती दलदल होती. वरची हवा कोरडी म्हणून माणसं वर.

तर मोंतेरिज्जोनीला पार्किंगपासून वेशीपर्यंतचा चढ चढून आई दगडावर बसली आणि मी तिथेच ठरवलं की माझी नऊ गावांची यादी आता पुरे. दिवसाला एक गाव सकाळी, दुपारी काही नाही, वाटलं तर संध्याकाळी एक. मुक्काम मात्र एकच, पिएन्झाजवळच्या एका शेतघरात. रोज बॅगा भरायच्या नाहीत. आणि गंमत म्हणजे दुपारी एक ते साडेतीन-चार गावातली बरीच दुकानं बंदच असतात, त्यामुळे आपण झोपलो तर काही हुकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झेड-टी-एल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, त्याची पाटी म्हणजे पांढऱ्यावर लाल गोल आणि शेजारी कॅमेरा. कुणी पोलीस अडवत नाही, फाटक नसतं, आपण सरळ आत जातो आणि काही महिन्यांनी घरी दंड येतो, शिवाय आपला पत्ता कळवल्याबद्दल भाडं कंपनी वेगळी फी कापते. मॅप या पाट्यांचा विचार करेलच असं नाही. तिसऱ्या दिवशी एका गावात मॅप मला थेट वेशीतून आत जायला सांगत होता, बाबांनी पाटी पाहिली, मी ब्रेक मारला, मागे दोन गाड्या, उतारावर रिव्हर्स, हात थरथरत होते. मागच्या गाडीतल्या बाई उतरल्या, हाताने इशारे करत मला मागे घ्यायला लावलं आणि कुठे पार्क करायचं तेही दाखवून गेल्या. त्यानंतर मी मॅपवर गावाचं नाव टाकणंच बंद केलं, गावाबाहेरच्या पार्किंगचं नाव टाकायचे. इटालियनमध्ये पार्किंगला ‘पार्केज्जो’ म्हणतात, तेवढा एक शब्द पाठ करा. निळ्या रेषा म्हणजे पैसे भरायचे, पांढऱ्या म्हणजे फुकट, पण पाटीवर वेळेची अट आहे का तेही वाचायचं, पिवळ्या दिसल्या की पुढे निघायचं. आणि पेट्रोल भरताना ‘बेन्झिना’ म्हणजे पेट्रोल, ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल, गाडी ताब्यात घेतानाच झाकणावर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवला होता मी.

मोंतेपुल्चानो ६०० मीटर उंचीवर आहे आणि मुख्य रस्ता खालच्या वेशीपासून वरच्या चौकापर्यंत नुसता चढतच जातो. पण वरपर्यंत छोटी बस जाते. आम्ही बसने वर गेलो आणि रमतगमत खाली उतरलो, दर थोड्या अंतराला बाकावर बसत. आईला उतार चढापेक्षा जड जाईल अशी मला धास्ती होती, पण काठी होती आणि घाई नव्हती.

पिएन्झा मात्र सपाट, म्हातारी माणसं बरोबर असतील तर डोळे झाकून हेच निवडा. हे मुळात कोर्सिन्यानो नावाचं खेडं. इथे १४०५ मध्ये जन्मलेला मुलगा पुढे पोप झाला, पायस दुसरा, आणि १४५९ पासून त्याने आर्किटेक्ट रॉसेलिनोकडून आपलं जन्मगाव नव्याने बांधून घेतलं, चौक, चर्च, वाडा, सगळं काही वर्षांत. १४६४ मध्ये तो गेला. चर्चची मागची बाजू उताराच्या भुसभुशीत जमिनीवर आहे, ती खचत आलीय, आत उभं राहिलं की पायाखालची जमीन मागे कललेली जाणवते. आईला ते फार लागलं. म्हणाली, ‘हौसेनं बांधलं गं बिचाऱ्याने.’ चर्चच्या मागे तटावरून जाणारी पायवाट आहे, समोर अख्खं ओर्चा खोरं आणि पलीकडे आमियाता डोंगर. मे महिन्यात गहू अजून हिरवा होता आणि मध्येच रानपॉपीच्या लाल फुलांचे पट्टे. आम्ही तिथे दीड तास बसलो, कुणी काही बोललं नाही.

आमियाता हा जुना ज्वालामुखी आहे, आणि बान्यो विन्योनी या छोट्या गावात चौकाच्या जागी चक्क गरम पाण्याचं तळंच आहे, चारी बाजूंनी घरं आणि मधे वाफ. त्या तळ्यात उतरायचं नाही, पण तेच पाणी पुढे जुन्या पाणचक्क्यांकडे पाटांनी वाहत जातं, तिथे आई पाय सोडून बसली आणि म्हणाली, ‘अगदी वज्रेश्वरी.’ त्या दिवशी दुसरं गाव केलं नाही.

आमच्या शेतघराच्या मालकीणबाईंशी भाषांतराच्या अ‍ॅपवर बोलणं व्हायचं. त्यांचे आजोबा हीच जमीन अर्ध्या वाट्याने कसायचे, पिकाचा निम्मा मालकाला. बाबांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही, आपल्याकडच्या अर्धलीसारखंच. १९६४ मध्ये कायद्याने असे नवे करार बंद झाले, पण तोवर तरुण मंडळी कारखान्यांकडे निघून चालली होती, घरं ओस पडत होती. आपण फोटोत बघतो ती टेकडीवरची एकटी घरं अशा कुळांची. बाईंनीच सांगितलं, मोंतिक्येलोला जा.

मोंतिक्येलो पिएन्झापासून दहाएक किलोमीटरवर, पोचायच्या आधी सायप्रसच्या झाडांची ती प्रसिद्ध नागमोडी रांग लागते. इथले गावकरी १९६७ पासून दर उन्हाळ्यात स्वतःच नाटक लिहितात, स्वतःच करतात, चौकात, आणि ते नाटक त्यांच्याच गावाबद्दल असतं, कूळ, मालक, युद्ध, ओस पडणारी घरं. आम्ही गेलो तेव्हा नाटकाचे दिवस नव्हते. वेशीजवळच्या बाकावर एक आजोबा होते, बाबा त्यांच्याशेजारी बसले, एक मराठीत आणि एक इटालियनमध्ये, बोटांनी आकडे दाखवत दोघं बहुतेक एकमेकांचं वय सांगत होते. साडेआठपर्यंत उजेड होता. दुसऱ्या दिवशीसाठी मोंताल्चिनो ठरलं होतं, किल्ला बघायचा होता. परत गाडीकडे उतरताना आई म्हणाली, ‘उद्या नवं गाव नको, इथेच येऊ.’ म्हणून आम्ही शेवटच्या संध्याकाळी पुन्हा मोंतिक्येलोला गेलो, गाडी त्याच जागी लावली, आणि आजोबा बाकावर होते.