निन्ह बिन्हच्या वाळवणात अडकलेली सायकल

व्हिएतनाममध्ये निन्ह बिन्हला सायकल चालवायला जाणाऱ्यांसाठी हे लिहितेय. त्यातही मे महिन्याच्या अखेरीस जाणार असाल तर जरूर वाचा, कारण तेव्हा तिथे भाताची कापणी चालू असते. नेमकी हीच गोष्ट मी घर सोडताना लक्षात घेतली नव्हती.

हनोईपासून निन्ह बिन्ह दक्षिणेला साधारण 95 किलोमीटर. मी सकाळच्या रेल्वेने सव्वादोन तासांत पोचले आणि ताम कोक गावात एका होमस्टेमध्ये पाठपिशवी टाकली. चुनखडीचे उभे सुळके, त्यांच्या पायथ्याशी भातखाचरं आणि मधून न्गो दोंग नदी असा हा सगळा प्रदेश. नदीत होड्या वल्हवणाऱ्या बायका हातांनी नाही, पायांनी वल्ही मारतात. स्कूटर घ्यायचा विचार मी आधीच सोडला होता. आपल्याकडे मिळणारा गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना रस्तेवाहतुकीच्या 1949 च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम 1968 चा करार मानतो, त्यामुळे तो तिथे चालत नाही. अपघात झाला तर विमाही हात वर करू शकतो. सायकल होमस्टेवाल्यांनी फुकट दिली, बिनगिअरची, पुढे टोपली असलेली.

बेत साधा होता. जवळच्या बिक दोंग पॅगोडाला जायचं आणि तिथून आतल्या वाटेने दहा-बारा किलोमीटरवरच्या होआ लूला. होआ लू ही 968 पासून 1010 पर्यंत व्हिएतनामची राजधानी होती. मग राजधानी आजच्या हनोईला हलली. निघाले मात्र साडेदहाला, आणि सगळं बिघडलं ते तिथूनच. तिथे पाच-सव्वापाचलाच उजाडतं आणि दहानंतर दमट ऊन असं चढतं की सावलीत उभं राहूनही घाम वाळत नाही.

बिक दोंगची देवळं एकाच डोंगरात तीन टप्प्यांवर आहेत, वरच्या देवळाकडे गुहेतून जावं लागतं. तिथे तासभर गेला. पुढे फोनच्या नकाशात दाखवलेली बारीक रेघ धरून निघाले. ती रेघ म्हणजे रस्ता नव्हता, शेताचा बांध होता. दीड-एक किलोमीटर गेल्यावर बांध कालव्याशी संपला. मागे वळले तर चारी बाजूंचे सुळके सारखेच. तेवढ्यात उन्हाने तापून फोन आपोआप बंद झाला. बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं.

कशीबशी सिमेंटच्या एका अरुंद गावरस्त्याला लागले. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी पेंढा वाळत घातला होता आणि मध्ये ताडपत्रीवर भात. मी भाताला चाक लागू नये म्हणून पेंढ्यावरून सायकल काढली. वीस-पंचवीस फूट गेले असेन, पेंढा चेनमध्ये आणि मागच्या चाकाच्या आसाभोवती गुंडाळत गेला आणि चाक एकदम जाम झालं. उजव्या कुशीवर आपटले. गुडघा आणि कोपर सोलवटले, आणि सायकलचं हँडल त्या ताडपत्रीत घुसून मूठ-दोन मूठ भात रस्त्यावर सांडलं. मला गुडघ्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं. माझं आजोळ मावळातलं आहे. वाळवणावर पाय पडला तर आजी किती कळवळायची ते लहानपणापासून पाहिलंय.

बारा ते दोन तिथे गावं झोपलेली असतात, घरं बंद, दुकानं बंद. तरी आवाज ऐकून समोरच्या घरातून एक आजी बाहेर आली. मी आधी भात गोळा करायला लागले तर तिने माझा हात धरून मला ओसरीवर बसवलं, नळाखाली गुडघा धुतला आणि कसल्याशा पानांचं गार पाणी दोन पेले पाजलं. मला येत होतं ते एवढंच, काम अन, म्हणजे धन्यवाद. ते मी बहुधा दहा वेळा म्हणाले. मग तिने विळा आणून आसाभोवतीचा पेंढा एकेक काडी कापून काढला. चेन मात्र फ्रीव्हील आणि फ्रेमच्या मध्ये अडकून बसली होती, ती आम्हा दोघींना निघेना.

तीनच्या सुमारास सुळक्यांमागून काळे ढग आले. पहिला वारा सुटला आणि झोपलेली सगळी आळी रस्त्यावर. आजीने लाकडी दंताळं उचललं. मी काही विचारलं नाही, दुसरं उचललं आणि भात ओढायला लागले. ताडपत्रीची टोकं मध्ये आणायची, ढीग करायचा, पोत्यात भरायचं. एका शब्दाचीही गरज पडली नाही, सगळं तसंच, जसं आमच्याकडे दिवाळीच्या आधी अवकाळी येतो तेव्हा करतात. शेवटचं पोतं ओसरीवर चढलं आणि सर कोसळली. तिच्या मुलाने, की नातवाने, पाऊस थांबेपर्यंत पान्याने मागचं चाक सैल करून चेन सोडवली. मी नोटा पुढे केल्या तर आजीने माझी मूठ मिटवून परत माझ्याच खिशाकडे ढकलली. अशा वेळी आग्रह करू नका, तो अपमान वाटतो. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून फळं नेऊन दिली, ती तिने घेतली.

आता तुम्ही जाणार असाल तर.

सायकल ताब्यात घेताना दोन्ही ब्रेक, चेनचा ढिलेपणा आणि सीटची उंची बघा, आणि शंभर मीटर चालवून मगच निघा. होमस्टेचा पत्ता व्हिएतनामी भाषेत कागदावर लिहून घ्या, फोनवर विसंबू नका. पाणी किमान दोन लिटर, शिवाय मीठ-साखरेच्या पुड्या. पहाटे साडेपाचला निघा, दहापर्यंत परत या, हवं तर चारनंतर पुन्हा निघा. अंधार साडेसहा-सातलाच पडतो. वाहनं उजव्या बाजूने चालतात, आणि वळणावर आपला हात सवयीने डावीकडे जातो, तेव्हा सावध. राष्ट्रीय महामार्ग 1 वर सायकल घालू नका, अवजड ट्रक असतात.

वाटेत बिघाड झाला तर 'सुआ से' असं विचारा, म्हणजे गाडी दुरुस्ती. रस्त्याकडेला जुना टायर टांगलेला दिसला की समजायचं. दुपारी मात्र तेही झोपलेले असतात. रुग्णवाहिकेसाठी 115. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा, मी घेतलं होतं म्हणून त्या चिखलाच्या जखमेची रात्री काळजी वाटली नाही.

पैसे देताना 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या नोटा नीट बघा, दोन्ही निळसर आहेत.

शाकाहारींनी हे वाचाच. शाकाहाराला तिथे 'चाय' म्हणतात आणि निन्ह बिन्हची खासियत असलेली कुरकुरीत भाताची खरवडही 'कम चाय'च ('कम' म्हणजे भात), फक्त त्या 'चाय'चा सूर चढा. मी शाकाहारी भात समजून मागवला आणि ताटात खरवड आली, सोबत बोकडाच्या मटणाचा रस्सा. 'आन चाय', म्हणजे शाकाहारी खाते, असं आधी सांगा आणि दाखवायला लिहूनही ठेवा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक स्वतः शाकाहार करतात, त्या दिवशी सोपं जातं.

आणि कापणीच्या दिवसांत गावरस्त्यावर पेंढा दिसला की उतरा. त्यावरून सायकल न्यायची नाही, उचलून किंवा ढकलत कडेने न्यायची. भातावरून तर नाहीच. मोटारसायकली जाताना दिसतील, तरी नाही.

तिसऱ्या दिवशी मी पहाटे मोठ्या रस्त्याने होआ लूला गेले, दिन्ह आणि ले राजांची दोन्ही देवळं आठच्या आत पाहून झाली. येताना मुद्दाम त्याच गावातून आले. रात्री पाऊस नव्हता, भात पुन्हा रस्त्यावर होतं. आजी दंताळ्याने ते पायाशी ओढून पालटत होती. सायकल हाताने ढकलत मी कडेने गेले आणि तिने मान वर करून गुडघ्याकडे बोट दाखवलं.