आमची वाटचाल : ग्रिडवरची लाल फुली

2004 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करायचं ठरवून आम्ही दोघा मित्रांनी सुरुवात केली. एक जुना कॉम्प्युटर, व्हिज्युअल बेसिक 6 ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंगची भाषा आणि विकत घेतलेलं एक ग्रिड कंट्रोल, म्हणजे पडद्यावरचा ओळी-रकान्यांचा तयार तक्ता, एवढंच भांडवल. त्या कंट्रोलची ओसीएक्स फाइल विंडोजमध्ये रजिस्टर करायची राहिली की प्रोग्रॅम उघडायचाच नाही. मराठी फॉन्ट नसला की सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला.

2008 मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिक 6 चा सपोर्ट थांबवला. आम्ही मायक्रोसॉफ्टचंच नवं डॉट नेट आणि युनिकोड (अक्षरं साठवायची जागतिक पद्धत) यांकडे वळलो आणि ग्रिड स्वतःच लिहायला घेतलं. संकलनाच्या वेळी माउसला हात लावायला कुणाला सवड नसते. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग), एंटर. समोर कॅन घेऊन रांग उभी. तयार ग्रिड त्या वेगाला पुरत नव्हतं. आमचं पुरलं, आणि संस्था वाढत गेल्या.

मग एका मोठ्या संस्थेच्या सचिवांचा पहाटे फोन आला, "साहेब, पडद्यावर लाल फुली आली बघा." ग्रिडच्या जागी पांढरा चौकोन आणि त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल फुली. झालेल्या नोंदी डेटाबेसमध्ये सुखरूप होत्या, पण दिसेनात, म्हणून तिथे नोंदी करणाऱ्या काकांनी उरलेलं दूध वहीत मांडलं. प्रोग्रॅम बंद करून उघडला की सगळं ठीक. ऑफिसात काही केल्या फुली येईना. चार दिवसांनी परत फोन.

शेवटी पहाटे पाचच्या आधी तिथे जाऊन बसलो. कंट्रोल स्वतःला रंगवताना चूक झाली की विंडोज फॉर्म्स (डॉट नेटचा पडदे दाखवणारा भाग) अशी फुली काढतं, एवढं माहीत होतं. चूक कसली, ते कळत नव्हतं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा, म्हणजे रंगवण्यासाठी विंडोजकडून घेतलेल्या फॉन्ट, ब्रश अशा वस्तूंचा, रकाना उघडून ठेवला. प्रत्येक एंटरला आकडा वीसने वर. पडद्यावर ओळी वीसच मावत होत्या! तिथेच कळलं. मराठी जोडाक्षरं नीट उमटावीत म्हणून आम्ही दर ओळ रंगवताना फॉन्टचं नवं हँडल (विंडोजने त्या वस्तूला दिलेली खूण) घेत होतो आणि डिलीट-ऑब्जेक्ट या आज्ञेने परत करत नव्हतो. एका प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, अशी 10,000 हँडल्स मिळतात. म्हणजे पाचशेच्या आत-बाहेर नोंदी झाल्या की कोटा संपला. दीड-दोनशे सभासदांच्या संस्थांत तिथवर कधी पोहोचलोच नव्हतो, आणि ऑफिसात तर दहा नोंदी टाकून "चालतंय" म्हणत होतो.

दुरुस्ती सात-आठ ओळींची. हँडल एकदाच घ्यायचं, फॉन्ट बदलला तरच नवं, ग्रिड बंद होताना परत. पण वहीत लिहिणारे काका माझ्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत. ज्या वेळेला माणसं आपल्यावर विसंबून असतात, त्याच वेळेला आपलं काम कोलमडलं, याचं फार वाईट वाटलं.

पुढेही अडचणी आल्याच. 125 टक्के स्केलिंगच्या, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठं दाखवणाऱ्या, लॅपटॉपवर वेलांट्या कापल्या जायच्या, तेव्हा ओळीची उंची फॉन्टवरून मोजायला लागलो.

आज आम्ही सहा जण आहोत. नवं ग्रिड संस्थेत जाण्याआधी टेस्टच्या कॉम्प्युटरवर रात्रभर 5,000 नोंदी पडतात. सकाळी आल्यावर मी चहाच्या आधी तो रकाना बघतो.