पिकअप पाणी खात होती, खाली मात्र थेंब नव्हता

जुन्नर पट्ट्यातून वाशीला भाजी नेणाऱ्या पिकअपचा खरा कस परतीच्या वाटेवर लागतो. जाताना रात्री टोमॅटो-फ्लॉवरने गाडी गच्च भरलेली असते, पण माळशेज उतरायचा असतो. रिकामं परतणं परवडत नाही म्हणून भिवंडी-कल्याणकडून टाइल्स, पाइप, किराणा असं काहीतरी उचलायचं आणि टळटळीत दुपारी तोच घाट चढायचा. टोकावडे सोडलं की थेट ७०० मीटरच्या आसपास उंचीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ओढणं. कूलिंगमध्ये काही बारीकसं बिघडलेलं असेल तर जाताना पत्ता लागत नाही, येताना लागतो.

माझी गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली), टर्बो डिझेल. कर्ज काढून घेतलेली, चालवतो मीच, आणि वॉरंटी अजून शिल्लक होती. एप्रिलमध्ये घाटातल्या बोगद्याच्या अलीकडे तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकला. लालपर्यंत पोचायच्या आत गाडी कडेला घेतली, इंजिन बंद न करता जागेवर चालू ठेवलं, काटा उतरला. घरी गार झाल्यावर बघतो तर बाटलीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, खालच्या रेषेच्याही खाली. भरलं. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा. होज (रबरी नळ्या) कोरडे, क्लिपा कोरड्या, वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या, खालच्या बारीक भोकातून कुठे ओघळ नाही. ऑइलची पट्टी ओढून पाहिली तर ऑइल काळंच, दुधाळ झालेलं नाही.

गाडी पाणी खायला लागली की सल्ल्यांना तोटा नसतो. पहिला सल्ला ठरलेला: थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेक. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. बीएस-६ मध्ये इंजिन वेळेत गरम झालं नाही तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ते कळतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो, डिझेल जास्त जातं आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. आमच्या स्टँडवर थर्मोस्टॅट काढलेल्या गाड्या निम्म्याहून जास्त असतील. घाटात उभ्या राहणाऱ्याही बहुतेक त्याच.

आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याने निदान ते तरी केलं नाही. त्याने रेडिएटरची टोपी बदलली, आणि ते बरोबरच होतं. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. टोपीने एक बारच्या आसपास दाब धरून ठेवला तर तेच १२५ च्या पुढे जातं. टोपीची स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा वाया. त्याने रेडिएटरच्या जाळीत अडकलेलं गवत आणि कांद्याची टरफलंही मागच्या बाजूने पाणी मारून काढली. मग गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून पाहिला. व्हिस्कस फॅन गरम असताना हाताला अडायला हवा. मोकळा गरागरा फिरला तर आतलं सिलिकॉन गेलं समजायचं. माझा अडला. म्हणजे पंखा ठीक. काटा थोडा खाली राहायला लागला, पाणी मात्र जातच होतं.

त्यात दोन नवी लक्षणं दिसली. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, त्याला किंचित गोडसर वास. आणि रेस केली की कूलंटच्या बाटलीत बुडबुडे.

दुसऱ्या गॅरेजमध्ये निळ्या पाण्याची चाचणी झाली. काचेच्या नळीत निळं रसायन असतं, ती नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढतात. जळलेला वायू असेल तर रंग बदलतो. माझ्या डोळ्यांदेखत निळ्याचं हिरवट-पिवळं झालं. "हेड गॅस्केट उडालंय," मिस्त्री म्हणाला. म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पट्टी गेली. हेड उतरवायचं, मशीनवर त्याचा तळ सपाट करायचा, हेडची प्रेशर टेस्ट, नवीन गॅस्केट, नवीन बोल्ट. आकडा चाळीस हजारांच्या पुढे, आणि हेडला तडा निघाला तर वेगळे. शिवाय बाहेर हेड उघडलं की वॉरंटी संपलीच. गाडी तशीच परत आणली.

आमच्या नात्यातले एक नाना आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. गाडी बघायच्या आधी त्यांनी मला ओट्यावर बसवून विचारलं, "रंग बदलला, कबूल. पण जळलेला वायू पाण्यात शिरायला तुझ्या गाडीत रस्ते किती?"

मला एकच माहीत होता, हेडचा. नाना म्हणाले, आता दुसराही असतो. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला इंजिन आपलाच थोडा एक्झॉस्ट परत आत घेतं, त्याला ईजीआर म्हणतात. हा वायू ५००-६०० अंशांवर असू शकतो, तसाच आत घेता येत नाही, म्हणून वाटेत एक कूलर असतो. स्टीलच्या पातळ नळ्यांतून वायू, बाहेरून तुमचं-आमचं कूलंट. रोज तापणं, गार होणं. कधीतरी त्यातल्या एखाद्या जोडाला केसाएवढी चीर पडते. मग इंजिन चालू असताना वायू पाण्यात, आणि बंद केल्यावर दाबाखालचं पाणी वायूच्या वाटेत. तेच सकाळी वाफ होऊन धुराड्यातून निघतं. म्हणून पुठ्ठा कोरडा.

"आणि हेड गॅस्केटची लक्षणं काय वेगळी असतात होय?" नाना म्हणाले. "हीच. त्या मिस्त्रीची चाचणी खरी होती, निकाल घाईचा होता."

मग जे केलं त्याचं मला अजून कौतुक वाटतं, कारण त्यात वॉरंटीला धक्का लागेल असा एकही बोल्ट त्यांनी हलवला नाही. इंजिन कोमट असताना टोपी काढून तिथे हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावला आणि एक बारपर्यंत दाब भरला. आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा खाली यायला लागला, थेंब कुठेच नाही. मग कूलरला जाणारा आणि कूलरमधून येणारा असे कूलंटचे दोन्ही होज सोडले, मध्ये पाइपचा तुकडा टाकून एकमेकांना जोडले, कूलर बाजूला पडला. पुन्हा एक बार. चहा आला, पिऊन झाला, काटा जागेवर. इंजिन दोन-चार मिनिटं चालू करून रेस केली, बाटलीत बुडबुडा नाही. हेड गॅस्केट गेलं असतं तर कूलर बाजूला काढूनही बुडबुडे आलेच असते. एवढं पाहून नानांनी होज पूर्ववत केले. कूलर असा कोरडा ठेवून गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. ही चाचणी आहे, इलाज नाही.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची पायरी. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, सांगून काही फरकही पडणार नाही. ईजीआर कूलर हल्ली जवळजवळ सगळ्याच डिझेल गाड्यांत असतो.

काउंटरवरच्या मुलाने जॉब कार्डवर लिहिलं, "ओव्हरहीटिंग चेक." सही करायच्या आधी मी ते बदलून घेतलं. कारण ओव्हरहीटिंग लिहिलं की पुढचं वाक्य तयार असतं: ड्रायव्हरने गरम गाडी चालवली, हाताळणीचा दोष, वॉरंटी लागू नाही. मी लिहायला लावलं, "कूलंट कमी होते. बाहेर गळती नाही. थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर. ईजीआर कूलर तपासावा." मुलगा वैतागला, पण लिहिलं. लक्षणं सांगायचं काम आपलं. त्याला नाव त्यांनी द्यावं, आणि दिलं तर लेखी द्यावं.

पुढचा प्रश्न आलाच: "कूलंट कुठलं टाकलं?" घाटात गाडी तापली की बहुतेक जण झऱ्याचं नाही तर हॉटेलच्या पिंपातलं पाणी ओततात, आणि सर्व्हिस सेंटरवाले तेच धरून बसतात. मी सीटमागे कंपनीच्याच स्पेसिफिकेशनचा कॅन ठेवतो. त्याची बिलं पुढे केली, तो विषय तिथेच मिटला.

कूलर उतरवला. त्याच्या वायूच्या तोंडातून काळा, ओला चिखल निघाला. नुसती काजळी कोरडी आणि भुसभुशीत असते. एवढ्यावर माझं समाधान झालं होतं, त्यांचं नाही. नियमाप्रमाणे चाचणी. तोंडं बंद करून, हवा भरून कूलर पाण्याच्या टबात बुडवला. काहीच नाही. सुपरवायझर म्हणाला, "बघा, पास आहे. आता हेड उघडावं लागेल, ते वॉरंटीत बसेल की नाही सांगता येत नाही."

मी म्हटलं, कूलर गाडीत गार पाण्यात बसतो का? गरम पाण्यात बुडवून दाखवा. सुपरवायझरला हे आवडलं नाही. पण काम करणारा पोरगा हुशार निघाला, कुतूहल त्यालाही होतं. तो कॅन्टीनमधून उकळत्या पाण्याची दोन पातेली घेऊन आला आणि टबात ओतली. कूलर आत. आधी धातूला चिकटलेले बारीक फुगे सुटले, ते सगळीकडून. ते थांबले. मग नळ्या जिथे टोकाच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, त्या एका कोपऱ्यातून एक बुडबुडा आला, थांबून दुसरा, मग मण्यांच्या माळेसारखी सरळ रांग. पोरगा हसला. मी मोबाइलवर व्हिडिओ घेतला, जॉब कार्डचा नंबर फ्रेममध्ये येईल असा.

तो व्हिडिओ, जॉब कार्ड, सर्व्हिसची आणि कूलंटची बिलं असं सगळं एका ईमेलमध्ये कंपनीच्या एरिया मॅनेजरला पाठवलं. फोनवर गोड बोलतात, लेखी काही येत नाही, म्हणून ईमेलच. उत्तर यायला वेळ लागला. कूलर आणि मजुरी वॉरंटीत, कूलंट आणि गॅस्केटांचे पैसे माझ्याकडून. गाडी एकदा तापलेली होती म्हणून मी कॉम्प्रेशन टेस्टही मागितली आणि चारही सिलिंडरचे आकडे बिलाच्या मागे लिहून घेतले. उद्या हेडची भानगड निघाली तर आजची स्थिती कागदावर असलेली बरी.

एवढं होऊनही पहिल्याच फेरीत मुरबाडच्या आसपास काटा वर. पोटात गोळाच आला. पण या वेळी कारण साधं होतं: कूलंट भरताना आतली हवा काढलेली नव्हती. हवेचा गोळा कुठेतरी वर अडकला की पाणी फिरत नाही, आणि बाटली तर भरलेली दिसते. सर्व्हिस सेंटरच्या घाईत हे हमखास राहून जातं. नानांच्या अंगणात गाडीचं नाक चढावर करून उभी केली, इंजिन पूर्ण गार असताना टोपी काढली, केबिनचा हीटर फुल गरमवर ठेवला, मग इंजिन सुरू. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो, तोवर वाट बघायची. वरचा होज हाताला गरम लागला, भकभक करून हवा बाहेर पडली, पातळी एकदम खाली गेली. भरत राहिलो. बुडबुडे थांबल्यावर टोपी लावली. गरम गाडीची टोपी उघडून हे करायचं नाही; दाबाखालचं पाणी तोंडावर येतं, आमच्याच स्टँडवरच्या एकाचा हात अजून त्या जागी पांढरा आहे.

त्यानंतर घाट अनेकदा चढून झाला, पातळी रेषेवर आहे. सकाळी सुरू करायच्या आधी बाटली बघतो आणि टोपी काढायच्या आधी वरचा होज दाबून बघतो. रात्रभर गार झालेल्या गाडीचा होज मऊ हवा. तेव्हाही कडक लागला तर आत वायू शिरतोय.

राहिला प्रश्न बुडलेल्या भाड्याचा. गाडी उभी असताना माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवावा लागला, आणि त्याबद्दल कंपनीने कानावर हात ठेवले. मला वाटायचं, आपली गाडी धंद्याची, आपण कसले ग्राहक? एका वकील मित्राने समजावलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे खरी, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. एकच गाडी, स्वतः चालवणारा, त्यावरच घर, अशा माणसाला दार उघडं आहे. चार-पाच ड्रायव्हर ठेवून गाड्या पळवणाऱ्याला ते कठीण. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर पाच ते दहा लाखांच्या वस्तूला २०० रुपये फी आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत.

१९१५ वर तक्रार केली आहे, नंबर मिळाला आहे. तेवढ्या काळातल्या आडतदाराच्या पट्ट्या आणि दुसऱ्या गाडीला दिलेल्या भाड्याच्या पावत्या एका पिशवीत बांधून ठेवल्यात. बायको म्हणते, आयोगातही टाकून द्या. पण टोमॅटो सुरू झालाय, आणि आता एक दिवस गाडी उभी ठेवून पुण्याला जायचं म्हणजे मागणार त्याहून जास्त घालवणं. हंगाम सरला की बघू, मुदत आहे.