पावसाळ्यातलं गढूळ पाणी: तुरटीची मात्रा ठरवायची कशी

मृगाच्या पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर नदी-ओढ्याचं आणि काठच्या विहिरींचं पाणी गढूळ होतं. मग तुरटीचा खडा निघतो आणि हंड्यात चार वेढे फिरवला जातो. कधी पाणी निवळतं, कधी सकाळपर्यंत तसंच राहतं. खडा किती झिजला हे कुणीच मोजलेलं नसतं, म्हणून असं होतं. तुरटी अंदाजाने नव्हे, मोजून टाकायची वस्तू आहे आणि ते मोजमाप घरच्या घरी जमतं.

आधी गाळ आपोआप का बसत नाही ते पाहू. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण पाण्यात एक फूट खाली जायला मिनिटभरही घेत नाही. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला दोन दिवसांहून जास्त. त्यातून हे बारीक कण ऋणभारित असतात, एकमेकांना दूर ढकलतात आणि तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मोडतं, आणि त्याचा चिकट हायड्रॉक्साइड कणांना गोळा करून कापसासारखे पुंजके बनवतो. जलशुद्धीकरण केंद्रावर त्यांना फ्लॉक म्हणतात. हा फ्लॉक जड असल्यामुळे तळाशी बसतो.

आता मात्रा. किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर १० ग्रॅम तुरटी मोजून घ्या, कुटा आणि एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. एक लिटरच्या पाच पारदर्शक बाटल्यांत गढूळ पाणी भरा, वर थोडी जागा ठेवा. सुई नसलेल्या सिरिंजने त्यांत अनुक्रमे २, ३, ४, ५ आणि ६ मिली द्रावण घाला. प्रत्येक बाटली मिनिटभर जोरात हलवा, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी हळू उलटसुलट करत राहा, आणि अर्धा तास हात न लावता ठेवा. जिचं पाणी स्वच्छ झालं अशी सर्वांत कमी मात्रेची बाटली निवडा. समजा ती ४ मिलीची निघाली, तर मात्रा लिटरला ४० मिलिग्रॅम. म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला ८ ग्रॅम, किंवा हेच द्रावण ८०० मिली.

पिंपातही क्रम तोच: आधी मिनिटभर जोरात ढवळणं, मग हळू. बहुतेक वेळा चूक या हळू ढवळण्यातच होते. जोरात ढवळत राहिलं तर तयार झालेला फ्लॉक फुटतो आणि फुटलेला फ्लॉक नीट जुळत नाही. ढवळलंच नाही तर कण एकमेकांना भेटत नाहीत. त्यानंतर पिंप झाकून सावलीत दोन तास ठेवा. उन्हात एका बाजूने तापलेलं पाणी वर चढतं आणि गाळ पुन्हा उचलतो. पाणी वरून नळीने काढा, तळाचे चार बोटं सोडून द्या आणि चारपदरी सुती कापडातून गाळा.

पाणी निवळलं नाही की अनेक जण आणखी तुरटी टाकतात. हे धोक्याचं आहे. मात्रा जास्त झाली तर कणांवर उलटा, धन भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी दुधट राहतं. शिवाय तुरट चव येते. किंचित गढूळ पाणी खूप गढूळ पाण्यापेक्षा निवळायला अवघड असतं, कारण कण विरळ असतात आणि त्यांची टक्करच होत नाही. म्हणून मात्रा गढूळपणाच्या सरळ प्रमाणात वाढवता येत नाही. प्रत्येक पुरानंतर बाटल्यांची चाचणी नव्याने करावी लागते.

केंद्रावरच्या तुरटीच्या लाद्या ॲल्युमिनियम सल्फेटच्या असतात, दुकानातली तुरटी पोटॅशची. तेवढ्याच परिणामासाठी पोटॅशची तुरटी साधारण दीडपट लागते. त्यामुळे केंद्राचा आकडा जसाच्या तसा घरी वापरू नये.

कोकणात आणखी एक अडचण येते. जांभ्यातलं पाणी मुळात मऊ, त्यात आम्लता शोषणारे क्षार कमी. तुरटीने पीएच झपाट्याने उतरतो आणि साडेपाचच्या खाली फ्लॉक नीट तयार होत नाही. अशा वेळी तुरटीआधी लिटरला ५ मिली चुन्याची निवळी मिसळावी आणि पीएच कागदावर ६.५ च्या वर आहे ना ते पाहावं. देशावरच्या विहिरींच्या जड पाण्याला सहसा याची गरज पडत नाही.

निवळी नावाच्या झाडाच्या बिया आणि शेवग्याच्या बियाही काम करतात. शेवग्यातलं धनभारित प्रथिन कण गोळा करतं. पण बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात उरतो, म्हणून ते पाणी त्याच दिवशी वापरून टाकावं.

निवळलेलं पाणी अजून निर्जंतुक झालेलं नसतं, आणि गढूळ पाण्यात नुसती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकूनही भागत नाही. क्लोरीनचा बराच भाग गाळच खातो, शिवाय कणांच्या आड जंतू लपतात. म्हणून आधी निवळवा, गाळा आणि मग क्लोरीन द्या. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, तेव्हा १००० लिटरला २.५ ग्रॅम पुरते. उघडं राहिलेलं पोतं असेल तर ताकद उतरलेली असते. पावडर कपभर पाण्यात कालवून खाली बसू द्या, फक्त वरचं पाणी टाका आणि अर्धा तास थांबा. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत, म्हणजे क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या थेंबांच्या चाचणीत, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५.

नळाचं पांढुरकं पाणी पेल्यात खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती फक्त हवा, त्याला तुरटी नको. बोअरचं स्वच्छ पाणी तासाभराने तांबूस झालं तर ते लोह. ते पाणी उंचावरून ओतून हवा लागू द्या, रात्रभर ठेवा आणि वाळूतून गाळा. क्षार, फ्लोराइड आणि नायट्रेट यांपैकी काहीही या घरगुती मात्रेने पुरेसं जात नाही. तळाचा गाळ विहिरीपासून दूर, झाडांच्या आळ्याबाहेर मोकळ्या जागी टाका. तुरटीचं द्रावण रोज ताजं करा, कारण पातळ द्रावण ठेवलं की त्याचा जोर कमी होतो.