रिक्षा काही फोनवर जास्त जोरात का पळते?

सदाशिव पेठेच्या बोळांतून रिक्षा पळवायचा २डी खेळ गोडोमध्ये (खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) करताय असं धरा. दर फ्रेमला (पडद्यावरच्या दर नव्या चित्राला) ४ पिक्सेल पुढे, असा कोड लिहिला की ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर वेग सेकंदाला २४० पिक्सेल. तोच खेळ १२० हर्ट्झच्या फोनवर ४८० ने धावतो. वेग दर सेकंदाला किती पिक्सेल असा मोजा आणि डेल्टाने, म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणा. मात्र गोडो ४ मधलं 'मूव्ह अँड स्लाइड' हे वस्तू हलवणारं तयार फंक्शन डेल्टा स्वतःच लावतं. व्हेलॉसिटीला (वेगाला) आधीच डेल्टाने गुणलंत तर रिक्षा गोगलगाय होते.

हालचाल फिजिक्स प्रोसेसमध्येच (ठरावीक अंतराने चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ठेवा. तिथे सेकंदाला मुळात ६० टिक (हिशेबाच्या फेऱ्या) ठरलेले, त्यामुळे १२० हर्ट्झवर रिक्षा थरथरल्यासारखी दिसते. गोडो ४.३ पासून २डीला फिजिक्स इंटरपोलेशन आहे (दोन टिकांमधल्या जागा भरून हालचाल सलग दाखवणारी सोय), सेटिंगमध्ये ते चालू करा. रिक्षा एकदम दुसऱ्या चौकात नेलीत तर इंटरपोलेशन रीसेट करायला विसरू नका, नाहीतर ती क्षणभर वाड्यांवरून घसरत जाताना दिसेल. (पुण्यात तेही खपेल म्हणा.)

खरी डोकेदुखी फेकलेल्या वस्तूंची. ८ पिक्सेलचा दगड, वेग १८००, म्हणजे एका टिकला ३० पिक्सेल. भिंत १६ ची. दोन्ही मिळून २४, त्यामुळे एरिया२डी (स्पर्श ओळखणारा भाग) म्हणून केलेला, नुसती पोझिशन बदलणारा दगड कधी आदळतो, कधी आरपार जातो. टिक १२० केले तर उडी १५ वर येते, पण जुन्या फोनवर भार वाढतो. त्यापेक्षा जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेकास्ट (वाटेत काही आडवं येतं का ते तपासणारी रेषा) टाका आणि पहिल्या धडकेलाच दगड थांबवा.